यंत्राचं कपाळ

चहा घ्या आधी. हसायचं ते नंतर हसा. हा किस्सा गावात सगळ्यांनी सांगून झालाय, आणि प्रत्येकानं त्यात आपल्या पदरचं मीठ घातलंय. माझ्या तोंडून मात्र अजून कुणी ऐकलेला नाही. फजिती माझी आहे, तेव्हा ती बराबर सांगायचा हक्कही माझाच.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण यंत्रापुढं कधी मान खाली घातली नाही. इंजिन खोललं, थ्रेशर चालवलं, विहिरीत उतरून मोटार काढली. बंद पडलेलं यंत्र सुरू केल्याशिवाय जेवायला बसलो नाही. असा माणूस एका चपट्या डब्यापुढं कसा आडवा झाला, ते ऐका.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून जवळ. हळदीचं गाव. त्या वर्षी माझ्या बायकोनं बचत गटातल्या बाया गोळा केल्या. त्यांनी उन्हाळाभर हळद शिजवली, वाळवली, पॉलिश केली, दळली. सांगलीकडचा एक शेठ ती थेट गटाकडून घेणार होता. पण शेठ एकदा पोळलेला. कुणीतरी त्याच्या गळ्यात रंग घातलेली हळद मारली होती. त्यानं निरोप धाडला, नमुना तर सगळेच चांगला दाखवतात, तुमची हळद तयार कशी होते ते मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

आता हंगाम संपलेला. चुली विझलेल्या. दाखवायचं काय, राख?

माझी सून सुनंदा बाळापूरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. हंगामात तिनं सगळं काम कॅमेऱ्यात धरून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मामा, मी स्लाइड शो करते. फोटो बी आन् व्हिडिओ बी. हिंगोलीहून भाड्यानं प्रोजेक्टर आणू. शेठला भिंतीवर दाखवू."

मी मान डोलावली. प्रोजेक्टर म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. घरातल्या कर्त्या माणसानं सुनेला असं विचारावं का, तुम्हीच सांगा.

शेठ दुपारी यायचा होता. सकाळीच आम्ही शाळेची खोली उघडली. खिडक्यांना गोधड्या बांधल्या. पडदा म्हणून माझं कोरं धोतर भिंतीवर ताणून बसवलं. सुनंदानं बटण दाबलं. हिंगोलीहून आणलेल्या डब्यातून उजेडाचा पट्टा निघाला आणि माझ्या धोतरावर आमचं शेत उभं राहिलं.

शेत म्हणजे अख्खं शेत. बांधावरची बोर दिसली. बोरीखालची माझी चप्पल दिसली.

तो फोटो पान उलटावं तसा गेला. दुसरा भिंगरीसारखा गरगर फिरत आला आणि नेमका जागेवर बसला. तिसरा ठिपक्याठिपक्यानं उगवला, चांदण्या उगवाव्या तसा. माझं तोंड उघडं राहिलं. बायकोनं कोपरानं ढोसलं, तेव्हा मिटलं.

"ह्याला इफेक्ट म्हंत्यात, मामा."

"हे माणसानं केलं का?"

"मीच केलं की."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. सकाळी माझ्या घरात भाकरी थापून आलेली ही पोरगी, आणि फोटोला भिंगरी करून राहिली होती.

मग व्हिडिओची पाळी आली. धोतरावर नुसता काळा चौकोन. तिनं दाबलं, परत दाबलं. काळाच.

"काहून अडलं?"

"व्हिडिओ क्लासच्या कॉम्प्युटरवरच राहिला, मामा. हितं नुसता त्याचा पत्ता हाय. पाव्हणा तिकडं आन् चिठ्ठी हिकडं, तसं झालं. जाऊन घेऊन येते." आणि ती जीप धरून बाळापूरला गेली.

तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं. पटलं नाही. माझ्या मते रोग वेगळाच होता. परक्या गावचं यंत्र आपल्या गावात आलं आणि कुणी त्याला हळदकुंकू लावलं नव्हतं. आमच्याकडं मोटार असो, ट्रॅक्टर असो, पूजा झाल्याशिवाय कळ दाबत नाहीत. मग ते अडणार नाही तर काय करणार? त्यालाही मान आहे.

बायको बायांना बोलवायला गेली होती. मी घरून ताट आणलं. गटाचीच हळद, कुंकू, झेंडूचं फूल, नारळ. हळद पाण्यात कालवली. पण डबा काळा, चपटा. याचं तोंड कुठं, पाठ कुठं? सगळ्या बाजूंनी निरखलं. पुढं एक गोल काच होती. एवढं तेज जिथून निघतं ते कपाळच असणार, असा मी हिशोब केला. आधी हळदीचं बोट लावलं, त्यावर कुंकवाचं. चांगलं ठसठशीत. डोक्यावर फूल ठेवलं. बाहेर नारळ फोडला आणि आत येऊन हात जोडले. मनापासून जोडले. सकाळी जे पाहिलं होतं, ते हात जोडण्याजोगंच होतं.

सुनंदा आली आणि मागोमाग शेठची गाडी आली. तिनं घाईघाईनं व्हिडिओ लॅपटॉपमध्ये भरला. डब्यावरचं फूल दिसलं ते उचलून हळूच बाजूला ठेवलं. सून शहाणी आहे.

शेठ खुर्चीवर बसला. बाया भिंतीला टेकून बसल्या. बटण दाबलं.

शेत आलं. पण सकाळचं शेत नव्हे. सगळं धुरकट, आणि मधोमध लालसर पिवळा ढग. दुसरा फोटो भिंगरीसारखा फिरत आला. ढग जागचा हलला नाही.

मला वाटलं, सुनंदानं बाळापूरहून नवा इफेक्ट आणला. काय सांगू, सूर्य उगवताना असतं तसं ते दिसत होतं. फोटोत माझ्या बायकोच्या तोंडावर असं तेज की तसं मी लग्नातही पाहिलं नव्हतं. गटातल्या एका म्हातारीनं तर पदर सावरून नमस्कार केला. "नागनाथाची किरपा हाय," ती म्हणाली. मीही मान हलवली.

सुनंदाला मात्र घाम फुटला. तिनं सगळे इफेक्ट काढून टाकले. ढग होता तिथंच. लॅपटॉप बंद करून चालू केला. ढग होता तिथंच. शेवटी फोटो सोडून नुसता व्हिडिओ लावला. तो चालला. चुलीवरची कढई, वर येणारी वाफ. मी चटका बसेल म्हणून पाय मागं घेतला, खरं सांगतो. "बघितलं का पूजेचा गुण?" मी बायकोच्या कानात म्हणालो.

तेवढ्यात पडद्यावर बायांनी दळलेली हळद परातीत ओतली. ती त्या ढगात आली आणि लालभडक झाली.

"थांबवा," शेठ म्हणाला.

सुनंदानं थांबवलं.

"हळद इतकी लाल कशी? रंग घातलाय का यात?"

बायकोचा चेहरा उतरला. बायांचा अख्खा उन्हाळा त्या परातीत होता, आणि ती परात धोतरावर लालभडक होऊन अडकली होती.

मग मी उठलो. आपल्या घरच्या बाईवर कुणी असा आळ घेतो आणि आपण बसून राहायचं? मी थेट उजेडात जाऊन उभा राहिलो आणि बोट वर केलं.

"शेठ, आमच्या हळदीला वरून रंगाचं बोट बी लागत न्हाई."

सुनंदानं माझ्या बोटाकडं पाहिलं. त्या उजेडात ते चांगलंच दिसत होतं. पिवळं, आणि शेंड्याला लाल. मग तिनं प्रोजेक्टरकडं पाहिलं.

"मामा, पूजेत कुंकू कुठं लावलं?"

"कपाळाला."

"कुणाच्या?"

"यंत्राच्या."

"त्याला कपाळ कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. ती डब्याच्या पुढं जाऊन वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. खांदे हलत होते, रडत होती का हसत होती कळेना. बायको म्हणाली, "अवं, त्याच्या डोळ्यात बोट घातलं का तुमी?"

शेठनं खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून दिला. सुनंदानं काच पुसली. धोतरावर परात उजळली, आणि हळद निघाली पिवळीधमक.

शेठनं रुमाल परत घेतला. डाग निरखला, हुंगला. "ही हळद कुणाची?"

"आमच्याच गटाची," बायको म्हणाली.

"यात रंग असता तर यांनी देवाच्या कामाला घेतली नसती," शेठ म्हणाला. "माल पाठवा."

रुमाल धुवून देतो म्हटलं तर ऐकेना. सांगलीला दाखवायला घेऊन गेला. हळद दाखवायला का माझी अक्कल, ते त्याला ठाऊक.

त्यानंतर गटाच्या बैठकीला कितीदा तरी प्रोजेक्टर लागला. दर वेळी मी सगळ्यांच्या आधी जातो, अजूनही तो उजेड पाहिला की तोंड उघडं राहतं. पण आत जाण्याआधी दारात सुनंदा उभी असते. "मामा, हात दाखवा." ज्यानं जन्मात ज्योतिष्यापुढं हात पसरला नाही, तो मी दोन्ही पंजे उलटेपालटे करून सुनेला दाखवतो. तिनं बघून मान हलवली, तरच आत जायला मिळतं. आणि खुर्चीही मिळते ती मागच्या रांगेत, यंत्राच्या पाठीकडं.