मोतीबाईचे भाऊबंद

लाईट होती आणि चक्की बंद होती, तिथेच मला समजलं. आमच्या गल्लीत लाईट आली की चक्की सुरू, गेली की बंद. मोतीबाईला ताप असो, घरात लग्न असो, त्यात फरक नाही. त्या सकाळी डोक्यावर पंखा फिरत होता आणि कोपऱ्यावरून आवाज नाही... मी पोळपाट तसाच सोडून निघाले. तिचा मुलगा ओट्यावर बसला होता. म्हणाला, "अक्का, मम्मी गेली. चहा मागितला, अन् चहा यायच्या आत गेली." आत जाऊन पाहिलं. आंघोळ घातलेली, केस विंचरलेले. इतक्या वर्षांत पिठाशिवाय मोतीबाई मी पहिल्यांदाच पाहिली. ती अशी सावळी असेल असं मला वाटलंच नव्हतं.

महिना झाला त्याला. मला लिहिता येत नाही, शाळा दुसरीतच सुटली. मी बोलते अन् सून लिहिते. ती मधे मधे शुद्ध करते, मी परत बिघडवून घेते.

आम्ही साक्रीकडचे. शेती पावसावर, अन् पाऊस त्याच्या मर्जीवर. दोन वर्षं काहीच पिकलं नाही तेव्हा जळगावला डाळ मिलमध्ये कामाला आलो. माझा नवरा, त्याचे भाऊ, चुलते, पुतणे, सगळी भाऊकी उठून आली. गल्लीची एक बाजू आमची झाली. समोर फैजपूरकडचे केळीवाले पाटील, मधे रहिमानचाचा गाद्या पिंजायचा, अन् कोपऱ्यावर सिंध्यांची चक्की. मोतीबाई फाळणीत आलेली, आईच्या कडेवर. नवरा वारल्यावर चक्कीचा पट्टा स्वतः चढवायची. त्या आवाजाने तिचे कान अर्धे गेले होते, मोठ्याने बोललं तरच ऐकू यायचं, म्हणून कानात सांगायची गोष्टसुद्धा ती ओरडून सांगायची. गल्लीतल्या कुणाच्या सुनेला दिवस गेले की स्टेशनपर्यंत कळायचं.

मग गल्ली पालटली. पाटील लोक नव्या कॉलनीत बंगले बांधून गेले. आमची भाऊकी एकेक करून सुरतेला गेली, साड्या विणायच्या मागांवर. त्या खोल्यांमध्ये पाईपच्या कारखान्याचे भैये आले, अन् सोन्याचे दागिने घडवणारे बंगाली कारागीर आले. बंगाल्यांवर मोतीबाईचा फार राग. "अक्का, तुम ज्वारी-बाजरीवाले निघून चालले, अन् हे भातखाऊ येताहेत! भात काय दळू मी? यांची डोकी दळू?"

मी म्हटलं, "तूबी बाहेरूनच आलीस ना?"

"आले तेव्हा परकी होते. तुम लोकच म्हणायचे, सिंधीण आली, सिंधीण आली. आता मोज, या गल्लीत सगळ्यात जुनी कोण? मैं! तूसुद्धा माझ्यामागून आलीस."

माझा नवरा मिलमध्ये पोत्यांची थप्पी कोसळून गेला. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. सकाळी डबा घेऊन गेला, दुपारी डबा परत आला. मग मी त्याच मिलमध्ये डाळ निवडायला लागले अन् माझा पोरगा भटू पाईपच्या कारखान्यात लागला.

सुरतेहून धाकटा दीर आला. म्हणाला, "वैनी, खोली सोड, सुरतले चाल. आठे तुनं कोन शे?" इथे माझं कोण, म्हणे! मी नाही म्हटलं. मला तिथे जाऊन जावेच्या चुलीमागे बसायचं नव्हतं. इथे माझी मजुरी होती, माझी खोली होती. तेव्हा त्याने कानबाईचा विषय काढला.

कानबाई म्हणजे आमची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, लुगडं नेसवून बसवतात. तिचा रोट असतो. भाऊकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं अन् सव्वा मूठ गहू मोजायचा. तो दळायचा, त्याच्या पोळ्या-पुऱ्या करायच्या, अन् भाऊबंदांनीच खायच्या. परक्याला घास नाही. पौर्णिमेच्या आत सगळं संपलं पाहिजे. उरलं तर देवी त्या घरात परत बसत नाही, असं सासूने मला बजावलेलं. दीर म्हणाला, "एकट्या बाईचं काम नाही ते. यंदा रोट उरला तर देवीबी सुरतले, अन् तूबी." मी म्हटलं, बरं.

श्रावण आला. मी नावं घेत गहू मोजला. जे सुरतेला, नाशिकला गेले त्यांचीही नावं घेतली. गल्ली सोडली म्हणून कुणी भाऊकीतून जात नाही, अन् सगळे येतो म्हणाले होते. मोतीबाईने चक्की धुऊन-पुसून दळून दिलं. डबा भरून वर पिशवी झाली. अन् रविवारी एकही माणूस आला नाही. नंतर कळलं, दिराने सुरतेतच दुसरी कानबाई मांडली. तिथे त्यांनी माझ्या भटूच्या नावाने गहू मोजला, इथे मी त्यांच्या नावाने. पोरगा एकटा, अन् वाटे दोन गावांत.

आता खाणारे आम्ही दोघं. सकाळी पोळी, दुपारी पुरी, रात्री पुन्हा पोळी. भटू कारखान्यात डब्यात रोट नेई अन् भैयांकडे पाठ करून खाई. ते म्हणत, याची आई डब्यात काय देते की हा लपवून खातो? चौथ्या दिवशी भटूने ताट सरकवलं. "माय, मला सुरतेला धाड, पण रोट नको." पौर्णिमा परवावर आली अन् पिठाचा डबा अर्धासुद्धा रिकामा नव्हता. मी रडले नाही, पण सुरतेला न्यायचा नारळ बांधायला फडकं धुऊन वाळत घातलं.

ते फडकं मोतीबाईने पाहिलं. आत आली, डब्याचं झाकण उघडलं, सगळं ऐकून घेतलं अन् ओरडली, "परक्याने खायचं नाही ना? मग ऐक अदी." अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. "चक्की वरून कितीही धू, पोटात आधीच्याचं पीठ राहतंच. तुझ्या आधी रहिमानचाचाचा गहू होता. त्याच्या आधी भैयाचा. त्याच्या आधी माझा. तुझ्या रोटात सारी गल्ली आहे."

मी झाकण परत लावलं. "म्हणजे माझा रोट बाटला?"

"बाटला म्हण, नाहीतर भाऊबंद वाढले म्हण. तुझी मर्जी. मला आधी वाढ, सकाळपासून उपाशी आहे."

मी नारळाकडे पाहिलं. नथ जागची हलली नव्हती. मी तवा ठेवला.

मोतीबाई दारात उभी राहून गल्लीला हाका मारत होती. रहिमानचाचा टोपी सावरत आला. भैये चौघं आले, अन् भटूने डब्यात काय लपवलं होतं ते त्यांना एकदाचं कळलं. शेवटी समोरचा बंगाली निमाई आला, मागे त्याचे जोडीदार. मी मात्र उलथनं आडवं धरलं. नियम म्हणजे नियम. "हे भात खातात. यांचं पीठ चक्कीत कधी पडलं?"

निमाई बिचारा खरं बोलायला गेला, "हाँ माँजी, हमारा तो..."

"चूप बैठ अन् खा!" मोतीबाई म्हणाली. "संक्रांतीला तांदूळ दळून नेले होते याने. तेबी पोटात आहे माझ्या चक्कीच्या." सात महिन्यांचं पीठ! पण बंगाली जेवायला बसले अन् असे जेवले की मला पुन्हा कणीक भिजवावी लागली. त्याच रात्री डबा पालथा झाला. दिराला मी निरोप धाडला, रोट संपला. कोणी खाल्ला ते त्याने विचारलं नाही. मी म्हटलं असतं, भाऊबंदांनी.

मग दरवर्षी तसंच. मधे गल्ली अजून पालटली, भैये बदलले, बंगाली वाढले. पण माझ्या मनाला एक टोचणी होती. एकदा तिला विचारलं, "मोतीबाई, खरं सांग. त्या वर्षी चक्कीत राहिलं होतं का गं पीठ?"

ती इतकी हसली की भुवयांवरचं पीठ उडालं. "पागल! देवीचं दळण होतं. दगडाभोवतीची पाळ काढून, दगड उचलून, दोनदा धुतली होती मी."

"म्हणजे कुणाचंच पीठ नव्हतं?"

"दाणाभर नव्हतं. पण संपला ना रोट?"

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला तसंही अर्धंच ऐकू येत असल्यामुळे तिला ते कळलं नाही.

आता तिचा मुलगा चक्कीच्या जागी एस.टी.डी. बूथ टाकतोय. यंदाचा गहू मी परवा मोजायला घेतला. भटू शेजारी बसला होता. सगळी नावं झाली, अन् मी म्हटलं, "मोतीबाई."

"माय, पुरुषांचीच नावं घेतात."

"माहीत शे."

"ती सिंधी होती."

"माहीत शे."

"अन् ती वारली."

"मी पाहिलं ना तिला. तू ड्यूटीवर होतास."

"मग तिच्या वाट्याचं खाणार कोण?"

मी सव्वा मूठ सुपात सोडली, दिराच्या नावाची होती त्यापेक्षा जरा भरूनच. म्हटलं, "उठ, समोर जाऊन निमाईला सांगून ये. रविवारी भात टाकू नको म्हणावं."