मंगल, सात पॉइंट सहा

राधानगरीला जायचं ठरलं ते धरण बघायला. डिसेंबर २००७. मला चार दिवस सुट्टी होती, नवऱ्याला नव्हती. एकटीच निघाले. वाटेत बिद्रीजवळच्या एका गावात मंगल राहते, म्हणून एक मुक्काम तिच्याकडे ठरवला. मंगल माझी कोल्हापूरच्या कॉलेजातली मैत्रीण. हॉस्टेलवर आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. तिचा नवरा गेल्याचं मला फार उशिरा कळलं. कशानं गेला, ते तिनं फोनवर एका शब्दात सांगितलं. एड्स. मग म्हणाली, "मला बी हाय. येतीस का अजून?"

येते म्हणाले.

पुण्याहून सकाळची एसटी धरली तर दुपारी जेवायला कोल्हापूर. तिथून गारगोटीच्या गाड्या दिवसभर असतात, तिकीट फारसं नाही. सध्या गळीत हंगाम आहे. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. त्यांच्या मागं अडकलात तर तासाचे दोन तास होतात. बिद्रीचा साखर कारखाना जवळ आल्याचं मळीच्या वासावरून कळतं.

फाट्यावर उतरून एका दुकानदाराला मंगलचं घर विचारलं. त्यानं माझ्याकडं, मग माझ्या बॅगेकडं बघितलं.

"पावणं कुठलं?"

"पुण्याचे."

"राहणार हाय तिथं?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि हातानं रस्ता दाखवला. पाण्याची बाटली मागितली, ती त्यानं माझ्या हातात दिली नाही. काउंटरवर ठेवली. मी अजून मंगलच्या घरी पोचलेही नव्हते.

मंगल ठीक दिसत होती. वाळली आहे, पण आवाज तोच. "शुभे, जाड झालीस की गं!" सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू आहेत, त्या फुकट मिळतात, वेळ चुकवायची नाही. भिंतीवरच्या घड्याळाखाली गोळ्यांची डबी. शेत दिरांकडं आहे. तिच्याकडं एक म्हैस. त्या म्हशीवरच घर चालतं.

चहा झाला. कप उचलताना माझा हात थांबला. क्षणभरच. चहातून हा आजार होत नाही हे मला माहीत होतं, मी शाळेत मुलांना ते शिकवते. मंगलनं तेवढ्यात चुलीकडं तोंड केलं होतं. मी चहा प्यायले.

सकाळी साडेसहाला तिच्याबरोबर दूध संस्थेत गेले. गावाकडं कुणाकडं राहिलात तर हे बघाच. किटल्या घेऊन बायाबापड्यांची रांग, मशीनवर फॅट लागते, सेक्रेटरी नाव आणि आकडा मोठ्यानं सांगतो. मंगलच्या पुढं आणि मागं रांगेत एकेका माणसाची जागा रिकामी होती. सवयीची जागा असावी तशी.

"मंगल, सात पॉइंट सहा!"

"ऐकलंस?" तिनं मला कोपर मारलं. "गावात एवढी फॅट कुणाची न्हाय."

सेक्रेटरी तिचा चुलत दीर, बाबूराव. तिचं दूध त्यांनी एका स्टीलच्या बादलीत घेतलं. मला वाटलं, मग सगळ्यांच्या कॅनमध्ये घालतील.

अर्ध्या वाटेवर मंगलच्या लक्षात आलं, किटलीचं झाकण राहिलं. मी आणते म्हणाले आणि परत गेले. रांग संपली होती. झाकण टेबलावर होतं, बाबूराव नव्हते. मागच्या दारातून बघितलं तर ते बादली गटारीत ओतत होते. काळ्या पाण्यात पांढरा पट्टा. एक कुत्रं आधीच येऊन बसलं होतं.

"हे मंगलचं?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "हळू बोला, ताई."

"रोज?"

"दोन वरसं झाली."

"अहो, म्हशीचं दूध आहे ते!"

"मला कळतंय की. डॉक्टर येऊन सांगून गेलाय देवळात. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. आनि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मला येऊन इचारलं, वैनीचं दूध कुठल्या कॅनात जातंय?" ते कपाळ पुसत होते. थंडी होती. "कॅनात घातलं तर निम्मं गाव दूध घालायचं बंद करंल. घेतलं न्हाय तर वैनी काय खाईल? म्हणून तिच्या जागी माझ्या म्हशीचं वततो. तिला तेवडं सांगू नगासा."

म्हणजे त्यांच्या म्हशीचं दूध तिच्या नावावर जात होतं आणि तिचं गटारीत. झाकण घेऊन निघाले.

मंगल बांधावर बसली होती. माझं तोंड बघितलं तिनं.

"वतताना बघितलंस व्हय?"

"तुला माहितीये?"

"गटार माझ्याच परड्यामागनं जाती. म्हाईत नसायला काय झालं?" ती उठली, किटली पदरानं पुसली. "म्हशीला तेवडं सांगू नगोस. दूध चोरंल."

ती हसली. मला हसता आलं नाही.

"मग जातेस कशाला?"

"भावजी नाव पुकारतोय की. सगळ्यांसमोर. मंगल, सात पॉइंट सहा. दिवसभरात दुसरं कोन हाक मारतंय मला? मी तोंड उघडलं तर ती रांग बी गेली."

निघताना तिनं तुपाची बरणी दिली. संध्याकाळचं दूध ती संस्थेला घालत नाही, घरीच तूप कढवते. मुदाळ तिट्ट्यावरून, जिथं तीन रस्ते मिळतात, राधानगरीची गाडी मिळाली. धरणाबद्दल इथं लिहायचं ठरवलं होतं. पाणी भरपूर होतं, भिंतीवर वारा होता, खाली गरम भजी चांगली मिळतात. याहून जास्त आठवत नाही.

घरी पोचले त्या दिवशी गरम भातावर ते तूप वाढलं. सासूबाई म्हणाल्या, "काय रवाळ आहे गं! कुणाकडचं?"

"विकत घेतलं," मी म्हणाले. "वाटेत, तिट्ट्यावर."

शाळेत हाच धडा शिकवते मी. खोटं बोलायला कुणी आग्रह केला नव्हता, कुणी घाबरवलं नव्हतं. तिचं नाव तिथं संस्थेत रोज एकदा तरी मोठ्यानं घेतात. माझ्या घरात ते घेतलं गेलं नाही.

हे लिहिण्याआधी तिला फोन केला. "लिही की, पर नाव बदल," म्हणाली. बदललं आहे. घरातले सगळे हा ब्लॉग वाचतात. खरं नाव त्यांना आज जेवताना सांगणार आहे. बरणी अजून निम्मी भरलेली आहे.