हरल्यावर द्यायचे ग्लोव्ह्ज

लॉकडाऊनमध्ये ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला घरात अडकलो, तेव्हा पुण्यातलं आमचं कॉलेज आणि समोरचं कॉलेज यांच्या फुटबॉलवैराचा इतिहास आम्ही दोन्हीकडचे जुने खेळाडू झूमवर लिहायला बसलो. हरलेल्या गोलकीपरने आपले ग्लोव्ह्ज समोरच्या कॅप्टनला द्यायचे, ही आमची रीत. शेवटच्या वर्षी ते मी दिले. तो कॅप्टन अजून सडपातळ, केसही शाबूत. तो बोलायला लागला की माझी बायको चहा घेऊन नेमकी शेजारी येऊन बसायची आणि माझा जळफळाट व्हायचा. एका रविवारी त्याच्या मागच्या भिंतीवर माझे ग्लोव्ह्ज दिसले, चक्क फ्रेम केलेले.

"बघ, दुसऱ्याची वस्तू किती जपलीय त्याने," बायको म्हणाली. "तुझ्याकडे साधी छत्री टिकत नाही."

ते ग्लोव्ह्ज मला कॉलेजात असताना वाढदिवसाला तिनेच दिले होते.