रस्त्यापलीकडचं चर्च

हे मी शीलालासुद्धा सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांचा संसार, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, असं ती चारचौघांत म्हणते – आणि मी मान हलवतो. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तर आधी चष्मा पुसला, मग पाणी प्यायलो, मग पुन्हा चष्मा पुसला.

माझं काम मापं तपासण्याचं. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात मशीनचे सुटे भाग होतात. ठरलेल्या मापापेक्षा केसभर कमी-जास्त निघालेला भाग मी बाजूला काढतो. घरीही तोच स्वभाव. नाताळच्या सुट्टीत बँकॉकला जायचं ठरलं, तेव्हा सगळ्या बॅगा मी वजनकाट्यावर ठेवल्या. आईची जड भरली. उघडली तर करंज्यांचा डबा, आणि तळाशी जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली पांढरी साडी.

"आई, ही तिकडं कशाला?"

"नाताळचं प्रभुभोजन बुडवू का मग?" ती म्हणाली. "तुझा बुटांचा एक जोड काढ. माझी साडी राहू दे."

प्रभुभोजन म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी; आमच्या मंडळीत बायका त्याला पांढरी साडी नेसतात. लग्न होऊन नाशिकला आल्यापासून आईचं नाताळचं प्रभुभोजन एकदाही हुकलं नव्हतं. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा ती मला दुपट्यात घेऊन गेली होती म्हणे. सहलीला यायची तिची एकच अट होती – नाताळच्या सकाळी चर्चला नेशील ना? मी हो म्हणालो. ती वाक्यं मला आजही जशीच्या तशी ऐकू येतात. तिचं, आणि माझं.

टूर नाशिकच्याच एका कंपनीची. बरोबरची मंडळीही बहुतेक नाशिकची, सुखवस्तू, गप्पिष्ट. आमचं आडनाव साळवे. त्यावरून कुणाला काही कळत नाही, आणि विमानतळावर कुणी विचारलंही नाही. मीही सांगितलं नाही. ह्यात काय लपवणं? – असं मला तेव्हा वाटलं.

पहिल्याच दिवशी बसमध्ये आईनं डबा उघडून सगळ्यांपुढे फिरवला. पुढच्या सीटवरच्या महाजनबाई करंजी मोडत म्हणाल्या, "अय्या, दिवाळीच्या अजून टिकल्या?"

आमच्याकडे करंज्या नाताळला होतात. एवढंच सांगायचं होतं. मी हसून म्हणालो, "आईच्या हातच्या टिकतात."

आई खिडकीकडे बघत होती. तिनं ऐकलं का? कोण जाणे.

मग त्या हसण्याला धरून पुढचं सगळं ओघानं आलं. जेवणाआधी आम्ही प्रार्थना करतो; मी रुमाल शोधतोय असं दाखवत डोळे मिटू लागलो. संध्याकाळी खोलीत आई गीत म्हणायला लागली की म्हणायचो, "हळू म्हण, भिंती पातळ आहेत." माझी मुलगी सारा वैतागून म्हणाली, "पप्पा, आपण काय चोरी करतोय का?" मी तिला झापलं.

भीती कसली होती? नाशिकला माझ्या दारावर दर डिसेंबरला चांदणी लागते, मला कुणी कधी वाकडा शब्द बोललेलं नाही. मग? ते प्रश्न मला ठाऊक होते, तेवढंच. "म्हणजे तुम्ही मूळचे कोण? कधी झालात?" माझ्या पणजोबांच्या आधीपासून आम्ही ख्रिस्ती आहोत, पण दर वेळी उत्तर मलाच द्यावं लागतं. ते उत्तर आठवडाभर, बसमध्ये, अनोळखी माणसांपुढे द्यायचं नव्हतं. कारण म्हणून एवढंच होतं. ते फार लहान आहे, हे मला कळतं.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी मी हॉटेलच्या काउंटरवर चौकशी केली. तिथल्या मुलीनं हसून बाहेर बोट दाखवलं. रस्ता ओलांडायचा आणि समोरची गल्ली. सकाळी साडेआठला उपासना. खरं सांगतो, मला आनंद झाला. बसही साडेआठलाच निघणार होती. टूर मॅनेजरला फक्त सांगायचं होतं की आम्ही चौघं मागून टॅक्सीनं येतो.

मॅनेजर जेवणघरात होता. सगळे त्याच्याभोवती जमलेले. महाजन मोठ्यानं म्हणाले, "या साळवेसाहेब! उद्या उशीर केलात तर बस तुम्हाला सोडून जाईल हं!" सगळे हसले. मॅनेजरनं विचारलं, "बोला सर, काय हवंय?"

माझं तोंड उघडलेलं होतं. मी म्हणालो, "खोलीत पाण्याची एक बाटली जास्त मिळेल का?"

बाटली घेऊनच मी वर गेलो. आई पलंगावर वाट बघत बसली होती. मी म्हणालो, "चौकशी केली. चर्च आहे, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जमण्यासारखं नाही."

"नीट विचारलंस ना?"

"हो."

"मग झालं," ती म्हणाली. मापात मी चुकत नाही, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी ती पांढरी साडी नेसूनच खाली आली. "चर्च लांब आहे, म्हणून नाताळ थोडाच लांब आहे?" शीलाला म्हणाली. आम्ही पायऱ्यांवर बसची वाट बघत उभे होतो, आणि घंटा वाजायला लागली. अगदी जवळ.

"अरे, ही घंटा–"

"देऊळ असेल, आई," मी म्हणालो. "इथं पावलोपावली बुद्धाची देवळं आहेत."

बस निघाली, सिग्नलला वळली, आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली. फाटकावर चांदणी होती. वर क्रूस. उशीर झालेली माणसं मुलांचे हात धरून आत पळत होती. आई खिडकीशी होती. मी तिच्या मागच्या सीटवर. मला तिची फक्त मान दिसत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला. बस हलेपर्यंत तो तसाच राहिला. मागे वळून तिनं माझ्याकडे बघितलं असतं, तर बरं झालं असतं का? ती वळली नाही.

आता जे सांगायचं आहे, त्याच्याभोवतीच मी इतका वेळ फिरतोय.

सफारी पार्कच्या रांगेत महाजनबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली. "मावशींनी आज पांढरं का हो? काही विशेष?"

अजूनही सांगता आलं असतं. आज नाताळ. चार शब्दही लागले नसते. मी म्हणालो, "आज बाबांची पुण्यतिथी आहे."

बाबा भर उन्हाळ्यात गेले होते.

महाजनबाई चांगल्या होत्या, हेच अवघड झालं. त्या तडक आईकडे गेल्या, तिचा हात हातात घेतला. "मावशी, यांनी आत्ता सांगितलं. आजच्याच दिवशी ना? किती वर्षं झाली काकांना जाऊन?"

तेव्हा आईनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. शाळेतून पडून आलेल्या पोराला कुठं लागलंय ते शोधावं, तसं बघितलं. मग म्हणाली, "सात वर्षं झाली, बाई."

सात वर्षं खरंच झाली होती. ती खोटं बोलली नाही. तिनं फक्त माझं खोटं उघडं पाडलं नाही. दिवसभर ओळखीपाळखी नसलेल्या बायका येऊन तिचं सांत्वन करत होत्या, आणि ती नाताळच्या दिवशी ते निमूट घेत होती. शीलानं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय. करंज्यांचा डबा आईनं त्या दिवशी उघडला नाही.

परत आल्यावर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. पुढे अंथरुणाला खिळली. पाळकसाहेब घरी येऊन तिला प्रभुभोजन द्यायचे. त्याआधी थोडा वेळ शांत बसायचं असतं – ज्यानं त्यानं आपली चूक देवापुढे आठवायची. त्या शांततेत आई माझा हात धरून ठेवायची. मी काहीतरी बोलेन म्हणून? की मला धीर म्हणून? मी बोललो नाही. भाकरीचा तुकडा घेतला, प्याला घेतला. पुढचा नाताळ तिला दिसला नाही.

आमच्यात दफनविधीच्या वेळी गेलेल्याचा जीवनवृत्तांत वाचतात. तो मी लिहिला, मीच वाचला. त्यात एक वाक्य होतं – 'नाशिकला आल्यापासून त्यांचं नाताळचं एकही प्रभुभोजन हुकलं नाही.' मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. नंतर पाळकसाहेब म्हणाले, साळवे लिहितात ते तंतोतंत असतं.

ते वाक्य खोटं आहे. एक हुकलं. त्या सकाळी ती पांढरी साडी नेसून तयार होती. चर्च रस्त्यापलीकडे होतं. मला ठाऊक होतं.