फलकावरच्या सात गोळ्या

मित्रांनो, दुपारपासून मन लागत नाही, म्हणून लिहितोय.

मी भालकीत फ्लेक्सच्या दुकानात मजकूर टाइप करतो. आज हैदराबाद मुक्तिदिनाचा फलक आला. त्यात आमच्या गावच्या एका हुतात्म्याबद्दल लिहिलं होतं, 'रझाकारांच्या सात गोळ्या छातीवर झेलल्या.'

तेवढ्यात त्यांची लेक आली. ऐंशीच्या घरातली अक्का. तिला वाचता येत नाही, म्हणून मी मजकूर सांगितला. म्हणाली, "माझ्या बापाला गोळी न्हाई लागली रे. निजामाच्या सरहद्दीपलीकडं, चळवळीच्या कॅम्पात तापानं गेले. माझी आई अकरा दिवस उशाशी बसून व्हती."

मी फलक लावणाऱ्या उत्सव समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. "अण्णा, निजामाच्या पोलिसांना चुकवून त्यांनी चळवळीची पत्रं पोचवली, तेवढं खरं लिहू."

ते हसले. "तापानं मेलेल्याला हार कोण घालंल? अन् तू कामून इतिहास शिकवायलास? तुझी दहावी तरी झाली का?"

मालक म्हणाले, छाप. मी छापलं.

शाई वाळेपर्यंत अक्का बाकड्यावर बसून होती. मग म्हणाली, "वाचून दाखव." मी वाचलं.

मग तिनं विचारलं, "मग माझी आई कुणापाशी बसली व्हती रे?"

तुम्ही काय सांगितलं असतं?