चार बोल्ट

त्या दिवशी सकाळी मामानं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि खिशात पाना टाकला.

मामी म्हणाली, "सभेला चाललाय का नळ दुरुस्त करायला?"

"पाना नसला की मला नागडं वाटतं," मामा म्हणाला.

मामी हसली. त्याच्यासमोर हसली ती तेवढीच शेवटची.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. लोखंडाचं काम करायचा. दारं, जिने, खिडक्यांच्या जाळ्या. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूला एक खिडकी दाखवा जिची जाळी त्यानं केलेली नाही. पण त्याला कोणी नावानं हाक मारायचं नाही. सगळे घण म्हणायचे. पडला की समोरचं वाकलंच पाहिजे, असा माणूस. शाळेत गुरुजींनी आईच्या हातावर पट्टी मारली, तर ह्यानं उठून ती पट्टी गुडघ्यावर मोडली आणि एक तुकडा गुरुजींच्याच पाठीत घातला. दोघांची शाळा त्या दिवशी संपली. पुढे कारखान्यात मुकादमानं त्याला आईवरून शिवी दिली, त्याचे पुढचे दात मामानं मोकळे केले. नोकरी गेली. मग घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान टाकलं.

आमचा बाप आईला पट्ट्यानं मारायचा. एका दुपारी मामा आला. पाणी विचारलं, नको म्हणाला. बापाचा उजवा हात धरून दाराच्या फटीत ठेवला आणि दार लोटलं. लोखंडी दार, लग्नात त्यानंच करून दिलेलं. बाप ओरडत होता आणि हा शांतपणे म्हणाला, "आता डाव्यानं मार." मग आईची भांडी, कपडे, पोरं सगळं हातगाडीवर घातलं आणि आपल्या दुकानासमोर, रस्त्याच्या उजव्या बाजूला, दोन खोल्या स्वतः उभ्या करून दिल्या. आई त्याच्याच दुकानात ग्राइंडर धरायला शिकली. हातावर ठिणग्यांचे डाग पडले की मामा म्हणायचा, "नवऱ्याच्या पट्ट्यापेक्षा बरे."

नगरपालिकेच्या सभेच्या हॉलमधल्या खुर्च्याही मामानंच बसवल्या होत्या. त्याआधीच्या सभेत पाण्यावरून भांडण पेटलं आणि लोकांनी खुर्च्या फेकून एकमेकांची डोकी फोडली, एका नगरसेवकाचं नाक बसलं. म्हणून हुकूम आला, खुर्च्या जमिनीला जाम करा. मामानं फरशीत बोल्ट गाडले, प्रत्येक पायाला एक, आणि वरून नट आवळले. आई मागून धूळ झाडत होती. शेवटची खुर्ची झाली तशी मामानं तिला लाथ घातली. हलली नाही. म्हणाला, "आता भांडायचं तर आपापल्या हातानं भांडा."

आणि मग आमच्याच रस्त्याचा विषय आला. रस्ता रुंद करायचा. एका बाजूनं जागा घेतली तर त्या बाजूची घरं पूर्ण जाणार. डाव्या बाजूला मामा, उजव्या बाजूला आई. रस्त्यावर लोक एकमेकांकडे बघेनासे झाले. एका रात्री कोणीतरी कोणाच्या पत्र्यावर दगड टाकले.

मामानं दोन्ही बाजूंना दुकानात बोलावलं. म्हणाला, "दोन्हीकडून अर्धं अर्धं द्यायचं. सगळ्यांची पुढची खोली जाईल, मागची राहील. कोणी बेघर नाही."

आईच्या शेजारचा टायरवाला म्हणाला, "माझं टायरचं दुकान पुढच्या खोलीत आहे. मी काय मागच्या खोलीत पंक्चर काढू?"

मामानं त्याची कॉलर धरली, उचलला आणि ऐरणीवर बसवला. "माझंही दुकान पुढेच आहे, टकल्या. बोल, अर्धं की ठोकू?"

सगळे हसले. टायरवालाही हसला. जुनी दोस्ती त्यांची. रोज संध्याकाळी एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय दोघांना जेवण जायचं नाही. "अर्धं, बाबा, अर्धं," तो म्हणाला. सगळ्यांनी शब्द दिला. आईनंही.

तर सभा. डाव्या बाजूचे लोक हॉलमध्ये डावीकडे बसले, उजवीकडचे उजवीकडे, कोणी सांगितलं नव्हतं तरी. आई टायरवाल्याच्या मागच्या रांगेत. टायरवाल्याशेजारी त्याचा म्हातारा बाप, काठी गुडघ्यात धरून.

अध्यक्षांनी कागद वाचला. रुंदीकरण पूर्ण डाव्या बाजूनं. हात वर. मंजूर. माणूस शिंकून नाक पुसेल तेवढ्यात डाव्या बाजूची घरं गेली. उजवीकडे कोपऱ्यावर अध्यक्षांच्या मेहुण्याचं गोदाम आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मामा उभा राहिला. "साहेब, आमचं अर्धं अर्धं ठरलंय. दोन्ही बाजूंचं. विचारा त्यांना."

अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "उजव्या बाजूचं कोणी काही बोलतंय का?"

कोणी बोललं नाही. सगळे आपापल्या चपला बघत बसले. टायरवाला चपला बघत होता. आई पण. आई म्हणते, शब्द घशापर्यंत आला होता. पण दोन्ही खोल्या राहतात, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तोंड उघडलं नाही. मामानं वळून फक्त तिच्याकडे बघितलं. बाकी कोणाकडे नाही.

"पुढचा विषय," अध्यक्ष म्हणाले. बागेतले बाक.

मामा खाली बसला. खुर्चीत नाही, जमिनीवर, उकिडवा. डाव्या बाजूच्या एका बाईला वाटलं रडतोय, तिनं पाठीवरून हात फिरवला. तो रडत नव्हता. नट काढत होता. बागेतले बाक हिरवे की तपकिरी, असं चाललेलं, आणि मामा एकेक नट सोडवून खिशात टाकत होता, कामावर टाकायचा तसा. हॉलभर सगळ्या खुर्च्या जाम. एकच मोकळी झाली.

उभा राहिला तो खुर्ची डोक्यावर घेऊनच. "ए भडव्या!" असा ओरडला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. अध्यक्ष टेबलाखाली. मामानं खुर्ची भिरकावली, आणि त्याच वेळी मागून कोणीतरी त्याचा शर्ट ओढला. खुर्ची वाकडी गेली. उजवीकडच्या रांगेत, सरळ टायरवाल्याच्या बापाच्या तोंडावर.

म्हाताऱ्याचा ओठ नाकापर्यंत फाटला. कवळी आईच्या पायाशी येऊन पडली. चूळ टाकावी तसं रक्त.

मामाचे हात खाली आले. "बाबा... अहो बाबा..." करत तो रांगेच्या कडेनं म्हाताऱ्याकडे निघाला. आपल्याच रिकाम्या जागेपाशी होता अजून. तेवढ्यात टायरवाला ती खुर्ची उचलून धावला.

आई म्हणते, मामाला दिसत होतं. जन्मभर ज्याच्यावर कोणी हात उचलला तर दोन परत मिळायचे, त्या माणसानं हात वर केला नाही. पहिला फटका खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा कानशिलावर. मामा मागं कोसळला तो त्याच खुर्चीच्या जागेवर. जमिनीतून वर आलेले चार बोल्ट, त्यातला एक मानेच्या वर घुसला.

आईनं टायरवाल्याच्या पाठीवर उडी मारून त्याचा कान चावला, अर्धा तोडला. पोलिसांनी तिला केसाला धरून ओढलं तेव्हा तोंडात मांस होतं. डावे उजव्यांवर, उजवे डाव्यांवर, चपला, दांडे, काठ्या. बाहेर गाड्या जाळल्या. आणि मामा तिथेच पडलेला, डोळे उघडे, पुढच्या विषयाकडे बघितल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, खुर्चीच्या मारातून वाचला असता. बोल्टानं गेला.

टायरवाला तुरुंगात. खुर्ची पोलिसांकडे. ठराव मंजूरच राहिला.

मामी आईशी बोलायची बंद झाली. आई रोज रस्ता ओलांडून दुकानात जायची, अर्धवट राहिलेल्या जाळ्या पुऱ्या करायची. मामी शटर उघडायची आणि आत निघून जायची. आईच्या तोंडाकडे बघायची नाही, तिच्या हाताचा चहा ओतून द्यायची. हॉस्पिटलनं दिलेला पाना आणि नट तिनं ऐरणीवर मांडून ठेवले होते, येता-जाता आईला दिसतील असे.

एक दिवस सभेचा शिपाई आला. बिचारा चांगला माणूस, मामीसमोर खालमानेनं उभा राहिला. "वहिनी, एक काम होतं. ते बोल्ट वर राहिलेत ना हॉलमध्ये. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येतात. काल एका नगरसेवकाचं बोट फुटलं. पुढच्या सभेच्या आत कोणी कापून दिले असते तर..."

आई उठली. ग्राइंडर उचलला. "येते," म्हणाली.

"ठेव ते," मामी म्हणाली. मामा गेल्यापासून आईशी पहिला शब्द. मग शिपायाला म्हणाली, "राहू देत बोल्ट. फुटू देत बोटं."

"अहो, कोणी पडलं-बिडलं तर काय करायचं?"

"करायचं काय? विचारायचं, उजव्या बाजूचं कोणी काही बोलतंय का."

शिपाई गेला. आईनं ग्राइंडर खाली ठेवला. मग कोपऱ्यातला मामाचा मोठा घण उचलला, दोन्ही हातांनी, आणि रस्ता ओलांडून आपल्या घरी गेली. पदर खोचला आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर पहिला घाव घातला. मग दुसरा. विटा आत पडल्या, एक उडून तिच्या नडगीवर बसली, रक्त आलं. ती थांबली नाही. शेजारी जमले. टायरवाल्याची बायको ओरडली, "वेड लागलं का गं? तुझं घर तर वाचलंय!"

"अर्धं ठरलं होतं," आई म्हणाली, आणि घण पुन्हा उचलला.

मामी आपल्या दारातून बघत होती. बराच वेळ बघत होती. मग रस्ता ओलांडून आली, आईच्या बाजूनं वाकून आत शिरली आणि पुढच्या खोलीतली गादी मागच्या खोलीत ओढून नेली, धूळ बसू नये म्हणून.