बशीतला चहा

आमच्या भागात कोणी गेलं की शोकसभेत बोलायला मला बोलावतात. आदल्या दिवशी मी त्या घरी जातो, माणूस कसा होता ते विचारतो. बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं, "चांगले होते हो." एवढ्यावर मी बोलू काय?

काल पेठकर काकूही तेच म्हणाल्या. मी गेलेल्या काकांच्याच खुर्चीत बसलोय हे उशिरा लक्षात आलं, मग उठताही येईना. शेजारणीने काकूंपुरता चहा आणून ठेवला; सुतकाच्या घरी आलेल्याला चहा विचारत नाहीत. बोलता बोलता काकूंनी अर्धा चहा बशीत ओतला, बशी माझ्यापुढे सरकवली आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

हे सभेत सांगावं, की या घरातच राहू द्यावं? आणि ते ठरवणारा मी कोण? अख्खं आयुष्य माझ्या जिभेवर सोपवून लोक निर्धास्त होतात. धाकधूक मला होते.

बशीतल्या चहावर साय धरली. काकूंनी ती बोटाने अलगद काढली.

"त्यांना साय चालायची नाही," त्या म्हणाल्या. "घ्या."

मी दोन्ही हातांनी बशी उचलली, तरी चहा सांडलाच.